वाढत्या चेहऱ्याची वाट पाहताना

आमची नात यंदा 13 वर्षांची झाली. जन्मतःच तिचा ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. तिसऱ्या महिन्यानंतर ओठाची आणि वर्षाच्या सुमारास टाळूची शस्त्रक्रिया झाली. ती स्पष्ट बोलू लागली, शाळेत कविता म्हणू लागली आणि घर निश्चिंत झाले. परंतु गेल्या दोन वर्षांत तिच्या चेहऱ्याची ठेवण बदलू लागली. वरचा ओठ मागे राहिल्यासारखा आणि हनुवटी पुढे आल्यासारखी दिसू लागली. तोंड मिटले की वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या मागे जातात.

सूनबाईंच्या मनाने लगेच घेतले, की शस्त्रक्रियेची घाई झाली. बाळाच्या जन्मावेळी ‘ग्रहणात काही चिरले असेल’ हे निराधार बोल तिने ऐकलेच होते. आता हा दुसरा सल.

शल्यविशारदांनी तिला शांतपणे समजावले. टाळू शिवल्यावर तेथे व्रण राहतो. निरोगी ऊतींप्रमाणे तो ताणला जात नाही. त्यामुळे वरच्या जबड्याची पुढे आणि रुंदीत होणारी वाढ काही मुलांमध्ये खुंटते. खालचा जबडा मात्र आपल्या गतीने वाढतो. वयात येताना वाढीला वेग येतो, तेव्हा ही तफावत ठळक होते.

मग शस्त्रक्रिया लांबवावी काय? ब्रिटनमधील दंततज्ज्ञ मायकल मार्स यांनी 1980 च्या दशकात श्रीलंकेत, लहानपणी शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या वरच्या जबड्याची वाढ बरीच चांगली झालेली आढळली. मात्र टाळू उशिरा शिवलेल्यांचे उच्चार सहसा सुधारले नाहीत. बोलणे शिकण्याचे वय निघून गेलेले असते. वाचेसाठी जबड्याच्या वाढीचा काही अंश पणाला लावावा लागतो आणि जबडा पुढे सुधारता येतो, हे ऐकल्यावर सूनबाईंच्या मनावरचे ओझे उतरले.

या उपचारांना टप्पे असतात. साधारण 8 ते 11 व्या वर्षी, सुळा येण्यापूर्वी, हिरडीतील फटीत हाड बसवतात; आमच्या नातीचे ते झाले आहे. आता दातांना तारा लागतील. गरज भासल्यास वाढ पूर्ण झाल्यावर जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया होईल. प्रत्येकाला ती लागतेच असे नाही.

आजीआजोबांनी एवढे करावे : तपासणीच्या तारखा जपाव्यात, जुनी छायाचित्रे व कागदपत्रे नीट ठेवावीत आणि नातवंडांसमोर आईला दोष देणारा शब्द उच्चारू नये.

अलीकडे नात आरशापुढे जरा जास्त वेळ थांबते. ‘आजी, हे किती वर्षे चालणार?’ असे विचारते. मी तिला खोटा दिलासा देत नाही. अजून चार-पाच वर्षे, असे सांगते आणि पुढच्या तपासणीची तारीख तिलाच दिनदर्शिकेवर लिहायला देते.