पत जपणारे बंदर

महाराष्ट्रातील जुन्या घरांवर आणि पेढ्यांवर दिसणाऱ्या लाल कौलांना आपण आजही ‘मंगलोरी कौले’ म्हणतो. दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारा आपल्याकडे ‘पिग्मीवाला’ असतो. हे दोन्ही शब्द एकाच किनाऱ्यावरून आपल्यापर्यंत आले. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि रोज दोन आणे जमा करण्याची पिग्मी योजना १९२८ मध्ये शेजारच्या उडुपीतील एका बँकेने सुरू केली. हीच पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली.

बँकेच्या नोकरीत बदली होऊन मी मंगळुरात आलो आणि निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झालो. ‘तेथे असे काय आहे?’ असे सांगलीकडचे आप्तेष्ट विचारतात. माझे उत्तर एकच असते : या शहराचा आकार.

नेत्रावती आणि गुरुपूर या दोन नद्या समुद्राला मिळतात तेथे, जांभ्या दगडाच्या टेकड्यांवर हे शहर चढत-उतरत वसले आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतील लोकसंख्या पाच लाखांहून किंचित कमी होती. तुळू, कोकणी, कन्नड आणि ब्यारी या भाषा बाजारात सहज मिसळतात; एकच दुकानदार तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत बोलतो. येथे महानगराची अनोळख नाही आणि खेड्याचा कोंडमाराही नाही. बंदर, विमानतळ, रेल्वे, वैद्यकीय महाविद्यालये हे सारे आहे. तरीही सकाळी कर्ज मागायला आलेला गृहस्थ संध्याकाळी भाजी बाजारात भेटतोच.

या भेटण्याचे मोल बँकेतील माणसाला अधिक कळते. जुन्या बंदर भागातील एका सुपारीच्या व्यापाऱ्याचे आमच्याकडे कॅश क्रेडिट खाते होते. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरून त्याचा बराच माल खराब झाला. आमची तपासणी होण्यापूर्वीच तो स्वतः आला आणि म्हणाला, ‘साहेब, तारण कमी झाले आहे, मर्यादा त्याप्रमाणे उतरवा.’ त्याचा प्रामाणिकपणा खराच. पण त्याला हेही ठाऊक होते, की दुपारपर्यंत ही गोष्ट साऱ्या पेठेला कळणार आहे. माणसाचा चांगुलपणा आणि चारचौघांची नजर एकमेकांना सावरतात, तेथे पत निर्माण होते.

मंगळूर आणि उडुपी या टापूत १९०६ ते १९३१ या पंचवीस वर्षांत पाच मोठ्या बँका जन्मल्या, यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. कॅनरा आणि कॉर्पोरेशन या दोन्ही १९०६ च्या. कर्नाटक बँक १९२४ ची, सिंडिकेट १९२५ ची आणि विजया १९३१ ची. त्या वेगवेगळ्या समाजांतील मंडळींनी उभ्या केल्या, आणि पुढे सर्वांसाठी खुल्या राहिल्या.

येथील वास्तव्य सुखाचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, वह्यांची पाने चिकटतात, पापडांना बुरशी येते. धान्यात कीड होऊ न देणे हे आपल्या घरांत व्रतच; म्हणून चातुर्मासात आम्ही आठ दिवसांपुरतेच धान्य आणतो आणि सौभाग्यवती ते दोनदा निवडतात. मासळी हा शहराचा मोठा व्यवसाय आहे, त्यामुळे धक्क्याकडून वारा आला की खिडक्या लावाव्या लागतात. परंतु शेजारी सणाचा पदार्थ पाठवताना त्यात कांदा-लसूण नसल्याचे आवर्जून सांगतात, तेव्हा तो वारा विसरला जातो.

शिवाय आपण येथे परके नाही. साधारण पस्तीस किलोमीटरवर मूडबिद्री आहे. तेथील सहस्रस्तंभ बसदी १४३० ची. कारकळची बेचाळीस फुटी बाहुबलींची मूर्ती १४३२ ची. धवला ग्रंथाच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीनेच शतकानुशतके सांभाळल्या. त्याच धवलेचा पहिला छापील खंड १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. दमट हवेत कागद टिकत नाही तेथे ताडपत्रे टिकली, ती पिढ्यानपिढ्या कोणीतरी काळजी वाहिली म्हणूनच.

आता ती काळजी वाहणारे हात कमी होत आहेत. २०१९ मध्ये विजया, आणि २०२० मध्ये सिंडिकेट व कॉर्पोरेशन, ही तीन नावे विलीनीकरणात लोपली. हिशेबाच्या दृष्टीने त्याची कारणे असतील. पण ज्या पाट्यांखाली आयुष्ये गेली, त्या उतरताना पाहणे जड जाते. आमच्या गल्लीतील बहुतेक घरांत आता दोनच माणसे आहेत. मुले बंगळुरास, आखातात किंवा त्याहून दूर आहेत. आमचा मुलगाही बंगळुरास बोलावतो. त्याचे प्रेम आणि चिंता दोन्ही खरी आहेत. घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला, तर त्याला त्या दिवशी येथे पोहोचणे अवघड होते, हे आम्ही जाणतो.

तरीही आम्ही तूर्त न जाण्याचे ठरविले आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठी न दाखवता रक्तदाबाची गोळी कोणती हे ठाऊक असते, आणि दोन दिवस फिरायला गेलो नाही तर कोणीतरी दार वाजवते. वृद्धापकाळी ही ठेव मोडून दुसरीकडे नव्याने खाते उघडता येत नाही.

सांगली, सोलापूर, लातूर अशा मध्यम शहरांत आपली कितीतरी कुटुंबे व्यापार करीत आहेत. मुलांनी बाहेर जरूर जावे, शिकावे, मिळवावे. मात्र गावातील पेढी बंद करण्याचा विचार मनात आला, तर ताळेबंदात न दिसणारी एक रक्कमही मोजावी : आपल्याला नावाने हाक मारणारी माणसे किती आहेत?