शरीर जातीचं, स्वभाव कुत्र्याचा

कुत्रं घ्यायचं ठरलं की बहुतेक घरांत चर्चा जातीपासून सुरू होते. लॅब्राडोर मायाळू, जर्मन शेफर्ड हुशार, रॉटवायलर राखणीचा, कारवानी एकमालकी, अशी स्वभावांची यादी सगळ्यांना पाठ असते. त्या यादीतून आपल्या घराला शोभेल तो स्वभाव उचलला की निवड झाली, असं वाटतं. पशुवैद्यक म्हणून मला ही सुरुवातच चुकीची वाटते. जात सांगितली तर त्या कुत्र्याचं शरीर कसं असेल, हे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. ते मायाळू निघेल की चिडकं, हे नाही. म्हणून जात निवडताना शरीराचा विचार करावा. आपल्या गावच्या हवेत, आपल्या घराच्या जागेत आणि घरातली माणसं त्याला जेवढा वेळ देऊ शकतात तेवढ्यात ते शरीर दहा-बारा वर्षं सुखाने राहील का, हे आधी पाहावं. स्वभाव नंतर, समोरच्या पिल्लात आणि त्याच्या आईत शोधावा.

या म्हणण्याला आता चांगला आधार आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८,३८५ कुत्र्यांच्या वागण्याविषयी त्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरून दिल्या होत्या आणि त्यांतल्या २,१५५ कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली होती. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीमुळे पडतो, असं त्यातून निघालं. उंची, केस, कान अशा बाह्य लक्षणांवर जातीची पकड याहून कितीतरी घट्ट आढळली. यावर एक रास्त आक्षेप येतो: मग मेंढ्या वळणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्याच कशा वळतात? जातीचा कल असतोच, आणि माणसाचं सांगणं चटकन ऐकण्यासारख्या काही बाबतींत तो या अभ्यासातही दिसला. पण कल ही शेकडो कुत्र्यांची सरासरी असते, आणि आपण घरी आणतो ते एकच कुत्रं. त्यावर आपल्या चिमुरड्याच्या सुरक्षिततेचा भरवसा ठेवायचा, तर सरासरी पुरत नाही.

शरीराचं गणित मात्र सातारा-सांगलीत फार कडक आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्याला ५०० मिलिमीटरच्या आसपास समाधान मानावं लागतं. सांगलीतही शिराळ्याचा ओला डोंगर आणि जत-आटपाडीचं कोरडं माळरान ही दोन वेगळी जगं आहेत. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या तळव्यांपुरत्याच असतात. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि नाका-तोंडातला ओलावा उडवून अंग थंड करायचं, हीच त्याची मुख्य सोय. पगचं नाक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून इतकं आखूड केलं आहे, की ही सोयच अपुरी पडते. श्वासमार्ग अरुंद असल्याने धापा टाकण्याचे श्रमच त्याचं अंग आणखी तापवतात. हवा दमट असेल तर ओलावा उडत नाही आणि धाप वाया जाते. म्हणून वळवाच्या आधीची उकाड्याची संध्याकाळ अशा कुत्र्याला भर दुपारइतकीच धोक्याची. अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की उष्माघात जिवावर बेततो. हस्कीचं दुहेरी केसांचं आवरण सैबेरियाच्या थंडीसाठी आहे. त्याला इथे आणून उन्हाळाभर वातानुकूलित खोलीत ठेवता येतं, हे खरं. पण ओढगाडी ओढण्यासाठी घडवलेल्या शरीराला खोलीत कोंडून आपण एक अडचण सोडवतो आणि दुसरी उभी करतो. शिवाय वीज जातेच.

लॅब्राडोर हवेच्या बाबतीत इतका नाजूक नाही, पण त्याचंही शरीर वाचायला हवं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की सुमारे चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा काही भाग गळालेला असतो. हे जनुक पोट भरल्याचा निरोप मेंदूला देण्याच्या साखळीतलं आहे. निरोपच नीट पोचत नसल्याने असं कुत्रं सतत खायला मागतं. आपल्या घरांत आजी पोळी टाकते, नातू बिस्किट देतो, पाहुणा फरसाण पुढे करतो, आणि प्रत्येकाला वाटतं की बिचारं उपाशी आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, नवरा-बायको दोघंही दिवसभर कामावर आणि फिरणं म्हणजे रात्री दहा मिनिटं, अशा घरात लॅब्राडोरचं वजन वाढतं, वजनाने सांधे जातात आणि पाच-सहा वर्षांतच त्याला जिना चढवेनासा होतो. ज्या घरात रोज तासभर चालणारं माणूस आहे आणि वाटीने मोजून खाणं घालण्याची शिस्त आहे, तिथे हीच जात उत्तम.

इथे देशी जातींचे अभिमानी म्हणतील की हे सगळे आजार विलायती आहेत, आपल्या मातीतलं कुत्रं घ्या. कारवानी, म्हणजेच मुधोळ, हे याच दख्खनच्या पट्ट्यातलं कुत्रं. मुधोळ सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात असलं तरी जतच्या माळावर कारवानी कुणालाच परकं नाही. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांतलं एक मुधोळचं होतं. पुढे लष्करानेही मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण दिलं. या जातीविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ती अभिमानापोटी कुठेही नेऊन बांधली जाते याचं दुःख होतं. तिचं शरीर नीट पाहा: लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय, अंगावर चरबी जवळपास नाही, आखूड केस आणि पातळ कातडी. नजरेने सावज टिपून उघड्या माळावर सशामागे सुसाट धावण्यासाठी हे शरीर घडलं. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती शिकार आता गुन्हा आहे. काम गेलं, पण शरीर तेच राहिलं. त्याला रोज मोकळं धावायला जागा लागते, तीही कुंपणाची. कारण समोरून मांजर किंवा करडू पळालं की ते त्यामागे सुटतं आणि मग हाका त्याला ऐकू येत नाहीत. माण-खटाव-जतकडे चार एकर उघडं शिवार असलेल्या माणसाने कारवानी जरूर पाळावं. महाबळेश्वरच्या धुक्या-पावसात, चरबी नसलेल्या या अंगाला ऊब देण्याची सोय नसताना, किंवा साताऱ्यातल्या बंगल्याच्या फाटकाला साखळीने बांधून ते ठेवणं हा त्याच्यावर अन्यायच. शर्यतीच्या हौसेपोटी या रक्तात ग्रेहाउंडही मिसळलं गेलं आहे. त्यामुळे कारवानी म्हणून दाखवलेलं प्रत्येक सडपातळ पिल्लू कारवानी असतंच असं नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप मळ्यातून येतो. वस्ती गावाबाहेर, मोटारी आणि केबल चोरीला जातात, उसात बिबट्या. आम्हाला दांडगं कुत्रंच लागतं. ही गरज खरी आहे. पण राखणीचा मोठा भाग भुंकण्याचा असतो. चोराला माघारी वळवतो तो जागा झालेला माणूस, आणि त्याला जागं करायला पन्नास किलोचं कुत्रं लागत नाही. बिबट्यापुढे तर आकाराचा फारसा उपयोग नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांनी खाल्लेल्या मांसात सर्वाधिक, ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. कराड, वाळवा, शिराळ्याच्या ऊसपट्ट्यात रात्री साखळीने बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते बिबट्याला आमिष ठरतं. जात कोणतीही असो, रात्री त्याला बंद पडवीत किंवा जाळीच्या खोलीत ठेवावं. भुंकणं तिथूनही ऐकू येतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुल अशा २३ जातींच्या विक्री-पैदाशीला मनाई करणारं पत्रक काढलं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. या जाती जन्मतः क्रूर असतात असं मी मानत नाही. पण इथेही शरीराचाच हिशेब लागतो: न शिकवलेलं पंधरा किलोचं कुत्रं चावलं तर टाके पडतात, पन्नास किलोचं चावलं तर जीव जाऊ शकतो. ज्याला शिकवायला वेळ नाही, त्याने ते वजन दारात बांधू नये.

मग या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक घरांना काय योग्य? माझं उत्तर गावठी पिल्लू. मध्यम आकार, आखूड केस, पुरेसं लांब नाक आणि सावध कान. हे शरीर कुणी हौसेने घडवलं नाही, इथल्या उन्हापावसात जे टिकलं तेच उरलं. आखूड केसांत गोचीड हाताला लगेच लागते, हाही फायदा लहान नाही, कारण गोचीड-तापाने इथे कुत्री मरतात. रेबीजची भीती लोक गावठीला चिकटवतात. तो विषाणू जात पाहत नाही आणि तिसऱ्या महिन्यात टोचायची लस सर्वांना सारखीच लागते. गावठी भटकतं ही तक्रार खरी आहे. नसबंदीने आणि सवयीने भटकणं कमी होतं, पण थांबतंच असं नाही, म्हणून फाटक लागतंच. रस्त्यावर वाढलेलं मोठं कुत्रं एकदम फ्लॅटमध्ये आणू नये, पिल्लूच आणावं.

पिल्लू कोणत्याही जातीचं असो, वय आठ आठवडे पूर्ण झालेलं असावं. २०१७ च्या पैदास-विक्री नियमांनुसार त्याआधी ते विकताच येत नाही, आणि त्यामागे शास्त्र आहे: तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात पिल्लू आई-भावंडांकडून चावा आवरायला आणि माणसांकडून माणसांना न भ्यायला शिकतं. म्हणून घरी आणल्यावरचा महिनाही तितकाच महत्त्वाचा. त्या काळात त्याने मुलं, म्हातारी माणसं, कुकरची शिट्टी आणि दुचाकी हे सगळं शांतपणे पाहिलेलं असावं. निवडताना आईला भेटावं. परक्या माणसाला पाहून ती कोपऱ्यात दबते, दात दाखवते की शेपटी हलवत पुढे येते, यावरून पिल्लाच्या स्वभावाचा जो अंदाज येतो, तो जातीच्या कागदावरून येत नाही. आणि विक्रेता आई दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोजिरं असो, तिथून रिकाम्या हाताने परतावं.