पंगत आठ हजारांची

कचेरीतल्या माणसाचं खरं रूप पाहायचं असेल तर त्याला टेबलाशी गाठू नये, डबा उघडताना गाठावं. सकाळभर 'बघतो, करतो' म्हणून जगाला वाटेला लावणारा इसम एक वाजता शेजारच्या डब्यातली भरली वांगी पाहून असा विरघळतो की, त्या क्षणी त्याच्याकडून कोणत्याही कागदावर सही घ्यावी. डबा कचेरीत वेळेवर पोचवण्याची चोख व्यवस्था मुंबईनं १८९० च्या सुमारास लावून दिली. पोचलेला डबा खायचा कुठं, हा प्रश्न मात्र तिनं ज्याच्या त्याच्या दैवावर सोडला.

आमचं दैव दहा बाय बारा फुटांचं होतं. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत, जिन्याच्या वळणावर. कागदोपत्री या खोलीला 'रिक्रिएशन रूम' म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ट्यूबलाइट लागते की नाही यावर पैजा लागत. खुर्ची सरकवली की असा काही सूर निघे की खालच्या मजल्यावरचे वकील अशिलाला सोडून वर बघत. किटली आणि मायक्रोवेव्ह एकाच सहा अँपिअरच्या सॉकेटवर नांदत. दोघं एकदम चालू झाले की मागणी बारा अँपिअरच्या घरात जाई आणि सबंध मजला अंधारात जाई. त्यामुळं चहा हवा की गरम भाजी, याचा निर्णय रोज बहुमतानं घ्यावा लागे.

अशात २०२३ च्या मार्चमध्ये वरून पत्र आलं : कर्मचारी-कल्याणासाठी आठ हजार रुपये मंजूर, एकतीस तारखेच्या आत खर्च करावेत. ताबडतोब समिती नेमली गेली. (कचेरीत पैसे नसले की काम अडत नाही, समिती नसली की अडतं.) सूचना भराभर आल्या. एकाला मत्स्यालय हवं होतं. दुसऱ्याला भिंतभर हिमालय. तिसऱ्यानं पडायला कोच मागितला, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून असं पाहिलं की तो सूचनेसकट खाली बसला. युनियनवाल्या एका गृहस्थांनी कायदा काढला. १९४८ च्या कारखाना कायद्यात दीडशेच्या वर कामगार असले तर डबा खायला योग्य खोली आणि पिण्याचं पाणी, अडीचशेच्या वर असले तर कँटीन, अशी कलमं होती. आम्ही जेमतेम दोन डझन, त्यातून कारखाना नव्हे. त्या कलमांच्या हिशेबानं आम्ही जिन्यात उभ्यानं जेवलो तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

शेवटी अकाउंट्समधल्या बाईंनी कागद हातात घेतला. आठ हजार हा आकडा समितीला अपमान वाटतो. घर चालवणाऱ्या बाईला ती रक्कम वाटते.

त्यांनी पहिल्यांदा फडताळ हलवायला लावलं. मागं चक्क एक खिडकी निघाली! भिंतीतला एक्झॉस्ट पंखा इतकी वर्षं नुसता का फिरतो, ते तेव्हा कळलं. हवा बाहेर फेकायची तर समोरून आत यायला वाट नको? खर्च शून्य. मग डिस्टेंपर आला, तो एका शनिवारी आम्हीच फासला : एकोणीसशे. एका निमपांढऱ्या शर्टाचा त्यात कायमचा रंग ठरला, तो खर्च ज्याचा त्याला. ट्यूबा दोन बदलल्या, पाचशे. जुनी ६५०० केल्विनची होती. त्या निळसर उजेडात वरणसुद्धा औषध वाटे. ३००० केल्विनची पिवळसर लागल्यावर दुधी भोपळाही खाण्याजोगा दिसू लागला. किटलीला स्वतंत्र वायर आणि सोळा अँपिअरचं सॉकेट, चौदाशे. गोदामातल्या दोन टेबलांना सनमायका, हजार. खुर्च्याही गोदामातल्याच, दुरुस्ती सोळाशे.

किती खुर्च्या? यादीत बावीस माणसं. एकला अकरा, दीडला अकरा, अशा दोन पंगती. म्हणजे अकरा खुर्च्या.

"बारा," बाई म्हणाल्या. "हजेरीपटावर तेवीस नावं आहेत."

तेविसावं नाव आमच्या शिपाईमामांचं होतं. ते त्या वेळी खोलीतच होते. चहा देत होते.

मामा कुठं जेवतात, हे अठरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. लग्नात वाढपी शेवटी जेवतात, तसे तेही दोन्ही पंगती उठल्यावर रेकॉर्डरूममध्ये रद्दीच्या गठ्ठ्यावर बसत. बारावी खुर्ची आली तरी बसेनात. "असू द्या हो, चहा कोण देणार?" म्हणायचे. दोन दिवस खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी बाई तोटी असलेला मोठा थर्मास घेऊन आल्या. तेराशे रुपये. साडेबाराला मामा तो भरणार, पुढं ज्यानं त्यानं आपला कप भरून घ्यायचा. तोटी दाबायची की फिरवायची, यावर साहेबांनी पहिल्या दिवशी अर्धा कप बुटावर घेतला. पण मामांना हाक मारायला तोंड उघडलं, ते तिथं बसून जेवताहेत हे पाहिलं, आणि मिटलं. सबंध आठ हजारांत एवढं काम दुसऱ्या कशानं केलं नाही.

अठ्ठेचाळीस पायांना रबरी टोप्या, पाच रुपयांना एक, दोनशे चाळीस. उरलेल्या साठांत पिशव्या टांगायला खुंट्या. हिशेब पैशाला पैसा जुळला. खालचे वकील आता वर बघत नाहीत.

मामांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि लसणीची चटणी निघाली. पहिल्या आठवड्यात मंडळी चाखून बघत होती. दुसऱ्या आठवड्यापासून सरळ हात घालू लागली. मामा काही बोलले नाहीत. हल्ली फक्त दोन भाकऱ्या जास्त आणतात.