अपिलात मिटलेला मुद्दा

मे महिन्यात एटापल्ली-भामरागडकडची माणसे पहाटेच तेंदूच्या पानांसाठी जंगलात शिरतात. परत आल्यावर ७०-७० पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. १,००० पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग होते. चंद्रपुरात करसल्लागार म्हणून काम करताना या फळीवरच्या वह्या मी जितक्या चाळल्या, तितकी कायद्याची पुस्तकेही चाळली नसतील. आयकराच्या एका मोठ्या प्रश्नाची उकल मला अशाच एका वहीने करून दिली.

एका ठेकेदाराने मुकादमाकडे एकरकमी रोख दिली होती आणि मुकादमाने ती फळीवर मजुरांना वाटली होती. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त खर्च रोखीने दिला, तर तो कलम ४०अ(३) खाली नामंजूर होतो. अधिकाऱ्यांनी मुकादमाला दिलेली सगळी रक्कम नामंजूर केली. आम्ही अपील केले. आपल्या वतीने रोख वाटणाऱ्या हस्तकाला दिलेल्या पैशाला नियम ६डीडीमध्ये सूट आहे. मजुरांच्या अंगठ्यांनी भरलेली वही पुढे ठेवली आणि अपील मंजूर झाले. ठेकेदाराने पेढे वाटले.

काही महिन्यांनी आयकर कमिशनरची कलम २६३खालची पुनरीक्षणाची नोटीस आली. मूळ असेसमेंट चुकीची आहे आणि तिच्यामुळे सरकारचा महसूल बुडाला आहे, म्हणून ती पुन्हा उघडायची, असे तिचे म्हणणे. मुद्दे दोन होते : तीच रोख मजुरी, आणि ट्रकभाड्यावर न कापलेला टीडीएस. ठेकेदार नोटीस घेऊन आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, “साहेब, जिंकलेली केस परत लढायची का?”

हा प्रश्न जुना आहे. १९५३ साली तेजाजी फरसराम खारावाला प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या खंडपीठाने मुंबई उच्च न्यायालयात सांगितले, की अपिलाचा निर्णय झाला की खालचा आदेश त्यात विलीन होतो, स्वतंत्रपणे उरत नाही. जो आदेश उरलाच नाही, तो कमिशनर दुरुस्त कसा करणार? पुढे मदुराई मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला मर्यादा घातली. विलीनीकरण सरसकट होत नाही. अपिलाचा आवाका किती होता आणि कायद्याने किती अधिकार दिला होता, हे पाहावे लागते. तरीही १९८७ साली पी. मंचेरजी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालय आपल्या व्यापक भूमिकेवर ठाम राहिले.

मग संसदेनेच रेघ आखली. १९८८ आणि १९८९च्या वित्त कायद्यांनी कलम २६३च्या स्पष्टीकरणात लिहिले गेले, की अपिलात ज्या बाबींचा विचार होऊन निर्णय झाला नाही, त्या बाबींपुरता कमिशनरचा अधिकार शाबूत आहे. अरबुदा मिल्स प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद मागील प्रकरणांनाही लागू धरली. कलम १५४ची दुरुस्ती आणि कलम १४७ची फेरतपासणी यांनाही अशीच मर्यादा आहे.

माझ्या मते ही रेघ योग्य जागी आहे, पण ती वाचली जाते ती मात्र एकाच बाजूने. ‘विचार होऊन निर्णय’ हे शब्द करदात्याचेही कवच आहेत. मजुरीचा मुद्दा अपिलात मिटला होता. तो महसुलाच्या कितीही हिताचा असला तरी २६३च्या दाराने आत येऊ शकत नाही. अपिलाचा निकाल पटला नसेल, तर खात्याने ट्रिब्युनलकडे जावे. आपल्याकडे त्यासाठी नागपूरचे खंडपीठ आहे. शिवाय अपील ऐकणारा अधिकारी सुनावणी देऊन कर वाढवूही शकतो. इतकी दारे उघडी असताना मागच्या दाराने येणे हा त्या अपिलाचा अपमान आहे.

उघड्या राहिलेल्या मुद्द्यावरही अधिकार बेलगाम नाही. आदेश चुकीचा हवा आणि महसुलाला बाधकही हवा, या दोन्ही अटी एकत्र लागतात, हे मलबार इंडस्ट्रियल प्रकरणात २००० साली ठरले. मूळ आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला, ते संपल्यापासून २ वर्षांत पुनरीक्षणाचा आदेश निघावा लागतो. अधिकाऱ्याने चौकशी करून एक मत धरले आणि कमिशनरला दुसरे आवडले, एवढ्याने भागत नाही. गॅब्रिएल इंडिया प्रकरणात १९९३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते बजावले आहे. मात्र २०१५पासून कलमात नवे स्पष्टीकरण आले. करायला हवी होती ती चौकशी झालीच नाही, असे कमिशनरला वाटले तर तो आदेश चुकीचा मानला जातो. म्हणून अधिकाऱ्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि आपण दिलेले उत्तर फायलीत असलेच पाहिजे.

जंगलपट्ट्यातल्या व्यापाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. अपिलाचा आदेश हाती आला की नुसता ‘मंजूर’ हा शब्द पाहून पेढे आणू नका. तुम्ही उचललेल्या प्रत्येक मुद्द्यावर त्यात कारणांसह निर्णय आहे का, ते तपासा. एखादा सुटला असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा. आणि फळीची वही ८-१० वर्षे तरी जपा, वाळवीपासून आणि पावसापासून.

त्या ठेकेदाराच्या अंतिम आदेशातून मजुरीचा मुद्दा वगळला गेला. ट्रकभाडे मात्र पुन्हा तपासणीला गेले, कारण अपिलात त्याचा कोणी उच्चारच केला नव्हता.