एक जुनी ध्वनिफीत

संस्कृत पढलेल्या मनुष्यास लावणी आवडते असें कळलें, कीं सुशिक्षित घरांतून अजूनही भुंवया वर चढतात. मला यांत विसंगति दिसत नाहीं. हालाची 'गाथासप्तशती' अभ्यासणें हें विद्वत्तेचें लक्षण आणि लावणी ऐकणें हें अभिरुचीचें न्यून, हा भेद कोणत्या शास्त्रांतला? कोटीभर गाथांतून सातशें वेंचल्याचें त्या ग्रंथांतच सांगितलें आहे. आणि त्या वेंच्यांत शेतावरची प्रीति, चोरट्या भेटी, नेत्रपल्लवी यांचीच रेलचेल आहे. निवडक लावण्यांचा संग्रह हें त्याच कुळांतलें अपत्य होय.

माझ्या संग्रहीं सुलोचना चव्हाण यांच्या निवडक लावण्यांची एक ध्वनिफीत पस्तीस वर्षांपासून आहे. 'रंगल्या रात्री अशा' (१९६२), 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'मल्हारी मार्तंड' (१९६५) या चित्रपटांतून गाजलेलीं गाणीं तींत एकापाठोपाठ एक येतात. फीत झिजून आवाज थरथरूं लागला, म्हणून परवां नातवानें तींच गाणीं मोबाइलवर लावून दिलीं. पण क्रम बदललेला! एक लावणी संपतांच कान पुढच्या ओळखीच्या थापेची वाट पाहतात, आणि येतें भलतेंच. केवळ गाणींच नव्हेत, तर त्यांची ओळही मला पाठ झाली होती, हें तेव्हां ध्यानांत आलें.

वृत्तें शिकवितां शिकवितां मात्रा मोजण्याची संवय हाडांत मुरली आहे. पुष्कळ लावण्यांची चाल आठ मात्रांच्या आवर्तनाची. माधवराव पटवर्धनांनीं 'छंदोरचने'त हिला पद्मावर्तनी म्हटलें. पण फळ्यावर आठ मात्रा मोजणें निराळें आणि ढोलकीवर त्या कडाडतांना ऐकणें निराळें. ढोलकीचें एक तोंड उंच स्वरांत बोलतें, दुसरें घुमतें. त्या दोहोंच्या मधून सुलोचनाबाईंचा शब्द सुरीसारखा स्वच्छ निघतो. त्यांना शास्त्रोक्त तालीम नव्हती. लावणीच्या उच्चाराचे धडे पति श्यामराव चव्हाण यांजकडून मिळाले. व्यासपीठावर त्या दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून गात. शृंगार काय तो आवाजांत! आचार्य अत्र्यांनीं त्यांस 'लावणीसम्राज्ञी' म्हटलें तें उगीच नव्हे. पद्मश्री मात्र २०२२ सालीं मिळाली, आणि त्याच वर्षीं १० डिसेंबरला त्या निवर्तल्या.

अर्थात् तबकडीनें कांहीं हिरावूनही घेतलें. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत. बैठकींत यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) एकच ओळ पुनः पुनः घोळून दर खेपेस निराळा भाव उलगडीत. तीन मिनिटांत एका ओळीस एकच अर्थ पुरतो.

आमच्या सावनेरकडे, म्हणजे नागपूर-भंडारा भागांत, खडी गंमत चाले. तींत पुरुषच लुगडें नेसून नाचत, आणि सभ्य मंडळी कौतुकानें पाहत. 'पिंजरा' (१९७२) येऊन गेल्यावर त्यांतील मास्तराच्या नांवानें आम्हां शिक्षकांची थट्टाही पुष्कळ झाली. मास्तराचें पतन सर्वांच्या स्मरणांत राहिलें. फडावर पोट असलेल्या बाईचा विचार करणारा मला तरी कोणी भेटला नाहीं.

हें सर्व आठवण्याचें कारण असें, कीं यंदां गणेशोत्सवांत नातीला लावणी नाचावयाची होती. तिच्या काकांचें म्हणणें, "आपल्या घरच्या मुलीनें हें करूं नये." सूनबाईंचें म्हणणें, "आतां ती कला मानली जाते, काळ बदलला." दोघांनीं मजकडे पाहिलें. मला दोन्ही उत्तरें अपुरीं वाटलीं. सोलापूरचा रामजोशी ब्राह्मण, संस्कृतज्ञ. तो तमाशांत उतरला. संगमनेरचा अनंत फंदीही ब्राह्मणच. त्यांना आपण कवि म्हणून पाठ्यपुस्तकांत बसविलें. ज्या स्त्रियांनीं त्या शब्दांना देह दिला, त्यांना मात्र ओसरीवरही घेतलें नाहीं. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असतां प्रसूत होऊन पुनः बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. दारिद्र्य कांहीं हटलें नाहीं. २००२ सालीं त्या गेल्या.

मीं नातीस म्हटलें, "नाच, बाळ, पण आधीं या बायांचीं चरित्रें वाच, आणि नाचण्यापूर्वीं त्यांचीं नांवें सभेंत मोठ्यानें घे." तिनें तसेंच केलें. काकांचा राग अद्याप पुरता निवळलेला नाहीं, आणि तो एका दिवसांत निवळावा अशी माझी अपेक्षाही नाहीं.

सोंवळ्यांत वाढलेल्या घरांनीं लावणी उचलली, याचा मला आनंदच आहे. मात्र आपल्या मुलींची जी हौस आहे, तें त्या स्त्रियांचें पोट होतें. टाळ्या घेतांना एवढें ऋण ज्या घरास स्मरतें, त्या घरीं लावणीनें कसलाही विटाळ होत नाहीं, असें मला वाटतें.