गोळी मोजून झाडताना

हातात बंदूक आली की भीती संपली, असं हॉरर गेमबद्दल बरेचदा ऐकू येतं. ज्यात लपण्यावाचून दुसरं काही करता येत नाही तेच खरे भीतीचे गेम, बाकी सगळी नुसती मारामारी. मला हे अजिबात पटत नाही. कारण गेम खेळताना मी सगळ्यात जास्त घाबरलो तेव्हा माझ्याकडे भरलेलं पिस्तूल होतं, आणि मी चक्क पोलीस स्टेशनात होतो.

कॅपकॉमने १९९८ सालचा आपलाच ‘रेझिडेंट ईव्हिल २’ २०१९ मध्ये नव्याने घडवला. त्यातलं रॅकून सिटीचं पोलीस ठाणं म्हणजे पूर्वीचं संग्रहालय: उंच छत, लाकडी दरवाजे, एकात एक गुंतलेले पॅसेज. खेळता खेळता त्याचा नकाशा पाठ होतो, कुठल्या पॅसेजमध्ये कोण आहे ते कळतं, जरा हायसं वाटतं. नेमका तेव्हाच मिस्टर एक्स येतो. लांब कोट, डोक्यावर हॅट, दारातून वाकून आत शिरणारा. त्याला मारता येत नाही. बऱ्याच गोळ्या घातल्या तर तो गुडघ्यावर येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उठतो. त्याच्या बुटांचा आवाज भिंतीपलीकडून, वरच्या मजल्यावरून सतत येत राहतो.

त्या रात्री तो माझ्या मागे होता आणि समोरच्या पॅसेजमध्ये छताला लिकर नावाचा राक्षस चिकटलेला. लिकरला डोळे नाहीत, पण कान तिखट. हळू चाललं तर त्याला पत्ता लागत नाही, धावलं की झडप ठरलेली. शेजारी बसलेला धाकटा भाऊ ओरडत होता, “दादा, पळ ना! आला तो!” आणि मला पळता येत नव्हतं. कंट्रोलरची काडी अंगठ्याने जेमतेम ढकलत मी लिकरखालून एकेक पाऊल टाकत होतो आणि मागे बुटांचा आवाज वाढत होता. गोळी झाडली तर लिकर जागा होणार. शिवाय गोळ्या होत्याच किती! त्या पॅसेजच्या टोकाचं दार उघडेपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून होतो.

दोनच राक्षस, पण एक म्हणतो धाव आणि दुसरा म्हणतो धावू नकोस. अशी कोंडी रचणाऱ्या माणसाला मी मनापासून दाद देतो. इथे बंदूक भीती कमी करत नाही, उलट वाढवते, कारण ती वापरायची की नाही हे ठरवणं आपल्यावर येऊन पडतं. साधा झोम्बीसुद्धा इथे स्वस्तात मरत नाही. चालता चालता गोळी मारली तर नेम विस्कटतो. पाय रोवून उभं राहिलं की नेमाचं चिन्ह हळूहळू आक्रसतं, आणि तेवढ्या वेळात झोम्बी डोकं हलवत जवळ येतो. थांबावं तर तो पोचतो, घाई करावी तर गोळी वाया.

शिंजी मिकामी यांच्या २००५ च्या ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ला भीती सोडून ॲक्शनकडे वळलेला गेम म्हणतात. बऱ्याच अंशी खरंही आहे ते. पण त्यातला रिजनरेडोर आठवा. घरघरत्या श्वासाचा, लडबडत येणारा प्राणी. पाय उडवला तर तो परत उगवतो. त्याच्या अंगातले परजीवी एका खास दुर्बिणीतून दिसतात आणि ते एकेक करून टिपावे लागतात. त्या मूळ गेममध्ये नेम धरला की पाय हलवता येत नाहीत. म्हणजे त्याला मारायचं तर त्याच्यासमोर खिळून उभं राहायचं, डोळा दुर्बिणीला लावून, आणि तो किती जवळ आलाय याचा अंदाज फक्त त्या श्वासावरून घ्यायचा.

२००८ चा ‘डेड स्पेस’ही याच वळणाचा. नायक आयझॅक सैनिक नाही, इंजिनीअर आहे. हातातलं प्लाझ्मा कटरही मुळात खाणकामाचं हत्यार. इथल्या राक्षसांच्या डोक्यात गोळी घालून काही होत नाही, हातपाय छाटावे लागतात, आणि अंगावर धावून येणाऱ्याच्या कोपरावर नेम धरताना भल्याभल्यांची बोटं थरथरतात. सामानाची यादी उघडली तरी गेम थांबत नाही, त्यामुळे औषध शोधायलासुद्धा आधी पाठ भिंतीला टेकवावी लागते. २०१३ च्या तिसऱ्या भागात मात्र सगळ्या शस्त्रांना एकाच प्रकारची गोळी चालू लागली. कुठल्या बंदुकीसाठी काय राखून ठेवायचं ही काळजीच गेली, आणि माझ्यापुरती त्या मालिकेतली धडधडही तिथेच गेली. राक्षस तेवढेच किळसवाणे होते. त्यांना मारणं फुकट झालं होतं.

याचा पडताळा घरीच मिळाला. ‘रेझिडेंट ईव्हिल २’ कठीण अटींवर, चांगल्या श्रेणीत पूर्ण केला की कधीच न संपणाऱ्या गोळ्यांची शस्त्रं बक्षीस मिळतात. भावाने चिकाटीने तशी मशीनगन मिळवली आणि पुन्हा त्याच पोलीस ठाण्यात शिरला. तोच पॅसेज, छताला तोच लिकर. या वेळी भाऊ सरळ धावत गेला, लिकर खाली उतरताच बोट दाबून धरलं आणि त्याच्या अंगावरून पुढे निघून गेला. मिस्टर एक्सचे बूट वरच्या मजल्यावर वाजत होते, आणि भाऊ मला त्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये काय गोंधळ झाला ते सांगत होता.