खाऊनही वाळणारे मासे

आमच्या साताऱ्याच्या घरात दोन फुटी टाकीत गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खायला हिवताप विभाग विहिरींत आणि हौदांत सोडतो तेच हे मासे. फक्त दुकानातल्या जातींत नरांच्या शेपट्या मोठ्या आणि रंगीत असतात. गप्पी काटक म्हणून ओळखला जातो. तरी गेल्या पावसाळ्यात माझे मासे एकेक करून वाळायला लागले, आणि का ते कळेना.

कोडं असं, की ते व्यवस्थित खात होते. खाणं टाकलं की सगळे झेपावून वर यायचे. तरीही पोटं खपाटीला गेलेली. वरून पाहिलं तर माद्यांची पाठ धारदार दिसायची. नरांनी शेपट्या मिटून घेतल्या होत्या. दुकानदार म्हणाले, "मीठ आणि निळं औषध घाला, ताई." निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते मुख्यतः बुरशीवर चालतं, आणि माझ्या एकाही माशाला बुरशी नव्हती. आजार काय आहे ते कळल्याशिवाय टाकीत काहीच घालायचं नाही, असं मी ठरवलं.

सुरुवात पाण्यापासून केली. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. यातले पहिले दोन माशांना विषारी. थेंबांच्या किटने तपासलं तर दोन्ही शून्य. तापमान 26 अंश. शिवाय पाणी बिघडलं असतं तर सगळेच मासे एकदम पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले असते. इथे एक आजारी पडायचा आणि शेजारचा ठणठणीत असायचा.

मग अंग पाहिलं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात अंगावर मिठाच्या कणांएवढे दाणे येतात, ते नव्हते. 'व्हेल्व्हेट' नावाच्या रोगात बारीक सोनेरी धूळ बसते. ती सहज दिसत नाही, म्हणून खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत तिरपा टाकला. अंग स्वच्छ होतं. पर कुजलेले नव्हते. म्हणजे दुखणं आत होतं.

आतल्या दुखण्यांत मला दोन शक्यता दिसत होत्या. एक, माशांचा क्षय. त्यातही मासे वाळतात, पुढे कणा वाकतो, अंगावर जखमा होतात. त्याचे जिवाणू आपल्या हाताच्या जखमेतून शिरले तर चिवट फोड येतात, म्हणून मी हातमोजे घातल्याशिवाय टाकीत हात घालणं बंद केलं. दुसरी शक्यता, पोटातले जंत.

उत्तर मिळालं ते नुसतं बघत बसून. पोहणाऱ्या माशाकडे पाहून काही समजत नाही, तो स्थिर व्हावा लागतो. रात्री दिवा मालवल्यावर एक वाळलेली मादी काचेजवळ जवळजवळ न हलता थांबली होती. बॅटरी बाजूने धरली. तिच्या गुदद्वारातून दोन-तीन लालभडक, केसासारखी टोकं बाहेर आली होती, जेमतेम दोन मिलिमीटर. ती जरा पुढे सरकली आणि टोकं आत गेली. पुन्हा थांबली, पुन्हा बाहेर आली. विष्ठा लोंबते आणि गळून पडते; ती अशी आत-बाहेर करत नाही. तरी खात्री हवी होती. लाल ब्लडवर्म खाल्ले की विष्ठाही तांबूस होते, म्हणून ते बंद करून फक्त कोरडं खाणं दिलं. टोकं तशीच लाल राहिली.

आमच्या ओळखीचे एक पशुवैद्यक माण-खटाव भागातल्या मेंढ्यांवर उपचार करतात. त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो मोठा करून दोनदा पाहिला आणि म्हणाले, "गोलकृमी आहेत. रक्त पितात, म्हणून लाल."

हा कॅमॅलॅनस नावाचा जंत. तो आतड्याला चावून धरून राहतो. मादी जिवंत अळ्या सोडते, त्या तळाशी पडतात आणि दुसरे मासे त्या गिळतात. लाल टोकं दिसेपर्यंत बरेच आठवडे, कधी महिनेही गेलेले असतात. त्यामुळे दिसतो त्या एकाच माशाला नाही, सगळ्या टाकीला औषध द्यावं लागतं.

औषध निघालं मेंढ्यांचंच: लेव्हामिसोल. डॉक्टरांनी बजावलं, "ऑक्सिक्लोझानाइड मिसळलेली बाटली घेऊ नका, ते यकृतातल्या पर्णकृमींसाठी असतं. नुसतं लेव्हामिसोल बघून घ्या." प्रमाण ठरलं लिटरला दोन मिलिग्रॅम. दोन फुटी टाकी काठोकाठ भरली तर 56 लिटरच्या आसपास पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता माझ्या टाकीत 45 लिटर होतं. म्हणून 90 मिलिग्रॅम. फिल्टरमधला कोळसा काढला, कारण तो औषध शोषून घेतो. प्रकाशाने औषध निकामी होतं, म्हणून टाकीवर चादर टाकली.

लेव्हामिसोलने जंत लुळे पडतात, त्यांची पकड सुटते आणि मासा त्यांना बाहेर टाकतो. दुसऱ्या दिवशी चादर काढली तेव्हा खड्यांवर ते बारीक धागे पडलेले होते. लुळ्या पडलेल्या अळ्या पुन्हा सावध होऊ शकतात, म्हणून सायफनने तळ कानाकोपऱ्यातून ओढून घेतला आणि बरंचसं पाणी बदललं. तीन आठवड्यांनी हेच सगळं पुन्हा केलं. ज्या मादीने आजार दाखवून दिला ती वाचली नाही, ती फार खंगली होती. बाकीच्यांची पोटं हळूहळू भरली. नरांनी शेपट्या उघडल्या.

गप्पीसारख्या स्वस्त माशासाठी एवढं कशाला, नवी जोडी आणायची, असं मला अनेकांनी सुचवलं. पण नवी जोडी त्याच अळ्या गिळून त्याच वाटेने गेली असती. आणि आजारी मासे विहिरीत सोडून दिले असते तर जंत तिथल्या माशांत पसरले असते. आता नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत राहतो, आणि मुख्य टाकीत सोडण्याआधी मी त्याला रात्री बॅटरी धरून नीट पाहते. मासा बोलून दाखवत नाही, म्हणून त्याचा आजार ओळखायची जबाबदारी त्याला घरात आणणाऱ्याची, मग त्याची किंमत कितीही असो.